शिवजयंतीची घडण : रायगडची समाधी, पोलादपूरचा कवी आणि एका तिथीचा शोध

भारतात कायद्याच्या दृष्टीने राष्ट्रीय सुट्टीचे दिवस तीनच आहेत : २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. बाकीच्या सार्वजनिक सुट्ट्या राज्य सरकारे दरवर्षी अधिसूचना काढून जाहीर करतात. महाराष्ट्रात ही अधिसूचना परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ या कायद्याच्या २५ व्या कलमान्वये निघते. धनादेश, हुंडी, वचनचिठ्ठी अशा एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाणाऱ्या देण्याघेण्याच्या कागदांसाठी हा कायदा झाला असून, अशा कागदाची मुदत सुट्टीच्या दिवशी भरली तर पैसे केव्हा द्यावयाचे, हे ठरवताना तो सार्वजनिक सुट्टी म्हणजे काय हेही सांगून जातो. या अधिसूचनेत १९ फेब्रुवारी या तारखेसमोर ‘छत्रपती शिवाजी महाराज जयंती’ अशी नोंद असते. सरकारी यादीत ही तारीख २००१ नंतर स्थिर झाली; परंतु शिवजयंतीला ‘राष्ट्रीय उत्सव’ म्हणण्याची सुरुवात त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी, राष्ट्र परकीय सत्तेखाली असताना झाली होती, आणि त्या सुरुवातीचे ठिकाण आजच्या रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागात, महाड तालुक्यात आहे.

महाड आणि पोलादपूर हे सावित्री नदीच्या खोऱ्यातले शेजारी तालुके. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री घाट उतरून पोलादपुरावरून महाडकडे येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीने समुद्राला मिळते. पोलादपुरातून आंबेनळी घाटाने वर चढले की प्रतापगड आणि महाबळेश्वर, तर कशेडी घाटाने दक्षिणेकडे गेले की रत्नागिरी जिल्ह्यातले खेड लागते. महाडच्या उत्तरेस सुमारे पंचवीस किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंचीचा रायगड उभा आहे. शिवजयंतीच्या इतिहासातील दोन मुख्य प्रश्न, म्हणजे उत्सवाची प्रेरणा कोठून आली आणि त्याची तिथी कशी ठरली, या दोन तालुक्यांशी थेट जोडलेले आहेत. पहिल्याचे उत्तर रायगडावरील समाधीपाशी सापडते, तर दुसऱ्याच्या उत्तरात पोलादपुरी चिरविश्रांती घेत असलेल्या एका कवीचा मोठा वाटा आहे.

राजधानी आणि तिचे विस्मरण

रायगडाचे जुने नाव रायरी. जावळीच्या चंद्रराव मोऱ्यांचा पाडाव केल्यानंतर १६५६ मध्ये हा डोंगर शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला आणि पुढे हिरोजी इंदुलकर यांच्या देखरेखीखाली त्यावर राजधानी उभी राहिली. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४ रोजी येथे राज्याभिषेक झाला. काशीचे पंडित गागाभट्ट यांनी त्याचा विधी सिद्ध केला, आणि मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन त्या वेळी गडावर हजर होता. त्या दिवसापासून राज्याभिषेक शक नावाची स्वतंत्र कालगणना सुरू झाली व तिची वर्षे मराठी राज्याच्या कागदपत्रांवर पडू लागली. याचा अर्थ असा की, नवे राज्य केवळ प्रदेशावर नव्हे, तर काळाच्या मोजणीवरही आपला हक्क सांगत होते. राज्याभिषेकानंतर दोन आठवड्यांच्या आत, १७ जून १६७४ रोजी गडाच्या पायथ्याशी पाचाड येथे जिजाबाईंचे निधन झाले. त्यांची समाधी तेथेच आहे. ३ एप्रिल १६८० रोजी, चैत्र पौर्णिमेस, महाराजांनी रायगडावर देह ठेवला आणि जगदीश्वराच्या मंदिराजवळ त्यांची समाधी बांधण्यात आली.

१६८९ मध्ये गड मोगलांच्या हाती गेला, पुढे जंजिऱ्याच्या सिद्दीकडे राहिला आणि १७३३ मध्ये पुन्हा मराठ्यांकडे आला. १८१८ च्या शेवटच्या इंग्रज-मराठा युद्धात कंपनीच्या फौजेने रायगडाला वेढा घालून त्यावर तोफांचा भडिमार केला. दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई त्या वेळी गडावर होती. आगीत गडावरील वाड्यांची लाकडी कामे भस्मसात झाली आणि १० मे १८१८ रोजी गड पडला. राजधानीचे दगडी चौथरे तेवढे उरले. त्यानंतरच्या अर्धशतकात गडावर वस्ती राहिली नाही, नित्य पूजाअर्चेची व्यवस्था मोडली आणि समाधीवर झाडे-झुडपे माजली. सत्ता गेल्यावर तिचे स्मरणही किती झपाट्याने नाहीसे होऊ शकते, याचे हे उदाहरण आहे, आणि शिवजयंतीचा इतिहास नेमका या विस्मरणाच्या विरोधात सुरू होतो.

पवाडा, पाच रुपये आणि स्मारकाची चळवळ

आधुनिक काळात शिवाजी महाराजांच्या स्मरणाला सार्वजनिक रूप देणाऱ्यांत पहिले मोठे नाव जोतीराव फुले यांचे आहे. त्यांनी १८६९ मध्ये ‘छत्रपती शिवाजीराजे भोसले यांचा पवाडा’ प्रसिद्ध केला. पवाडा म्हणजे शाहिराने डफ-तुणतुण्याच्या साथीवर गायिलेले वीराचे कथाकाव्य. तो वाचण्यापेक्षा ऐकण्यासाठी असतो, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यापर्यंतही पोहोचतो. फुल्यांचा शिवाजी हा कुणब्यांचा, कष्टकऱ्यांचा राजा आहे. त्याच सुमारास फुल्यांनी रायगडावर जाऊन समाधी शोधली, ती झाडाझुडपांतून मोकळी केली आणि तेथे फुले वाहिली, असे सत्यशोधक परंपरेत सांगितले जाते. शिवजयंतीच्या आरंभाचा मान फुल्यांना दिला जातो तो याच आधारावर.

१८८३ मध्ये जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने मुंबईविषयीच्या आपल्या पुस्तकात रायगडावरील समाधीच्या दुरवस्थेचे वर्णन केले आणि ज्या पुरुषाने राज्य स्थापले त्याच्या स्मारकाकडे त्याच्याच देशातील संस्थानिकांनी व लोकांनी पाठ फिरवावी याबद्दल आश्चर्य व्यक्त केले. परकीयाने काढलेले हे उद्गार मराठी सुशिक्षितांच्या मनाला लागले. वर्तमानपत्रांतून चर्चा सुरू झाली, आणि मुंबई सरकारने समाधीच्या देखभालीसाठी रक्कम मंजूर केली ती वर्षाला पाच रुपये. एवढ्या रकमेत समाधीभोवतीचे गवतही नीट काढून होणार नव्हते. तरीही हा तुटपुंजा आकडा लोकांना जागे करण्यास पुरेसा ठरला, कारण सरकारकडून काही होणार नाही आणि हे काम वर्गणीने आपणच केले पाहिजे, ही गोष्ट त्यामुळे स्पष्ट झाली.

१८९५ मध्ये लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून हा विषय हाती घेतला. त्या वर्षीच्या मे महिन्यात पुण्याच्या हिराबागेत सभा भरली, निधी गोळा करण्यासाठी समिती नेमण्यात आली, आणि संस्थानिकांपासून शाळकरी मुलांपर्यंत अनेकांनी वर्गणी दिली. या चळवळीतूनच श्री शिवाजी रायगड स्मारक मंडळ उभे राहिले. समाधीचा जीर्णोद्धार आणि गडावर वार्षिक उत्सव अशी दोन कामे या चळवळीने एकत्र बांधली. पुढे १९२० च्या दशकात समाधीचा जीर्णोद्धार झाला आणि आज दिसणारा अष्टकोनी चौथरा पूर्ववत उभा राहिला. उत्सव व जतन यांची ही जोडी शिवजयंतीच्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची आहे, कारण येथे उत्सव हा स्मारकाच्या देखभालीसाठी लोकांना एकत्र आणण्याचे साधन म्हणून जन्मला. आधी उत्सव आणि मग त्याला शोभा म्हणून स्मारक, असा क्रम नव्हता.

गडावरील उत्सव आणि राजद्रोहाचा खटला

एप्रिल १८९६ मध्ये रायगडावर सार्वजनिक शिवोत्सव भरला. त्या वेळी वैशाख शुद्ध द्वितीया ही जन्मतिथी मानली जात असे आणि उत्सवाचे दिवस त्याच सुमारास धरले होते. पुण्याकडून येणाऱ्यांना वरंध घाट उतरून महाडला यावे लागे, तर मुंबईकडच्यांना बोटीने बाणकोटच्या खाडीत शिरून दासगावपर्यंत आणि तेथून महाडमार्गे पाचाडपर्यंत जावे लागे. त्यानंतर गडाची चढण होती. एवढा प्रवास करून डोंगरावर जमलेला समाज पाहता, रायगडाची वाट पुन्हा रुळू लागली होती, असे म्हणता येते. धार्मिक विधी, कीर्तन, पोवाडे, व्याख्याने आणि प्रसाद अशी या उत्सवाची ठेवण होती. टिळकांची भूमिका अशी होती की, ग्रीकांच्या ऑलिंपिक खेळांप्रमाणे सर्व समाजाला एकत्र आणणारे उत्सव राष्ट्राला हवे असतात, आणि जेथे राजकीय सभांवर सरकारचा डोळा असतो तेथे लोकांना एकत्र येण्याची सवय उत्सवांतूनच लागते.

सरकारलाही हे लवकरच कळले. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ होती, त्यामुळे वैशाखातील जन्मोत्सव न होता जून महिन्यात राज्याभिषेकाच्या निमित्ताने उत्सव झाला. त्यात प्राध्यापक चिंतामण गंगाधर भानू यांनी अफजलखानाच्या वधावर व्याख्यान दिले. हा वध १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी, पोलादपुराहून घाट चढताच लागणाऱ्या जावळीच्या मुलखात झाला होता. उत्सवाचा वृत्तान्त आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता १५ जूनच्या ‘केसरी’त छापली गेली. त्यानंतर आठवड्याने, २२ जूनच्या रात्री, चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. टिळकांचा त्या कटाशी संबंध सिद्ध करण्याचा प्रश्न सरकारने बाजूला ठेवला आणि ‘केसरी’तील मजकुरावरून भारतीय दंड संहितेच्या १२४ (अ) या कलमाखाली, म्हणजे सरकारविषयी अप्रीती पसरवल्याच्या आरोपावरून, त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरला. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव असा व्यापक अर्थ ज्यूरीला सांगितला. ज्यूरीतील सहा युरोपीयांनी टिळकांना दोषी आणि तीन भारतीयांनी निर्दोष ठरवले. १४ सप्टेंबर १८९७ रोजी त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरीची शिक्षा झाली. दोन शतकांपूर्वी होऊन गेलेल्या राजाच्या स्मरणोत्सवावरून साम्राज्याच्या न्यायालयात खटला उभा राहावा, यातच त्या उत्सवाची ताकद दिसून येते.

यानंतर हा उत्सव महाराष्ट्राबाहेर गेला. देवघर येथे वाढलेले मराठी कुळातील बंगाली लेखक सखाराम गणेश देउस्कर यांनी बंगालमध्ये त्याचा पुरस्कार केला, रवींद्रनाथ टागोरांनी १९०४ मध्ये ‘शिवाजी उत्सव’ ही कविता लिहिली आणि १९०६ मध्ये कलकत्त्यातील उत्सवाला टिळक स्वतः उपस्थित राहिले. मराठ्यांच्या स्वाऱ्यांची कटू आठवण असलेल्या बंगालने हा उत्सव स्वीकारला, ही त्या काळातील मोठी घटना होती.

उत्सव कोणाचा?

शिवजयंतीच्या मालकीवरून महाराष्ट्रात दीर्घकाळ वाद झाले, आणि त्यांकडे दुर्लक्ष करून या उत्सवाचा इतिहास सांगता येत नाही. टिळकांच्या उत्सवात गोब्राह्मणप्रतिपालक राजावर आणि परकीय सत्तेविरुद्धच्या लढ्यावर भर होता, तर फुल्यांच्या पवाड्याची परंपरा मानणाऱ्या सत्यशोधक व ब्राह्मणेतर कार्यकर्त्यांना राजाच्या पाठीशी उभा राहिलेला शेतकरी आणि मावळा महत्त्वाचा वाटत होता. राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांच्या क्षत्रियत्वावर घेतल्या गेलेल्या शंकांचा विषय याच वादात पुनःपुन्हा निघाला.

महाडच्या संदर्भात १९२७ हे वर्ष विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्यावर सार्वजनिक पाण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह झाला. महाराष्ट्रात हा दिवस सामाजिक सबलीकरण दिन म्हणून पाळला जातो. त्यानंतर दीड महिन्याने, ३ मे १९२७ रोजी, म्हणजे त्या वेळच्या मान्यतेप्रमाणे वैशाख शुद्ध द्वितीयेस, बदलापूर येथे झालेल्या शिवजयंती उत्सवाचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडच्या दुसऱ्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले, आणि परिषद आटोपल्यावर आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह रायगड पाहण्यास गेले. तळ्याच्या पाण्यापासून ज्यांना दूर ठेवले जात होते त्यांनी शिवाजी महाराजांच्या राजधानीची वाट धरली, याचा अर्थ या राजावर आपलाही तितकाच हक्क आहे असे त्यांनी कृतीने सांगितले. महाड तालुक्यात आज २० मार्च आणि ६ जून असे दोन दिवस राज्याच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येतात, आणि या दोन्ही दिवसांचा एकत्र विचार केल्याशिवाय येथील सार्वजनिक स्मरणाचे स्वरूप पूर्ण कळत नाही.

पोलादपूरचा कवी आणि तिथीचा शोध

शिवजयंती नेमकी केव्हा, हा वाद बाहेरून पाहणाऱ्याला क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. पण मराठी इतिहास-संशोधनाची शिस्त ज्या प्रश्नांवर घडली त्यांपैकी हा एक प्रश्न आहे. त्याचा उलगडा समजण्यासाठी प्रथम शक आणि इसवी सन यांचा मेळ पाहावा लागतो. शालिवाहन शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते आणि फाल्गुनात संपते. म्हणून चैत्रापासून डिसेंबरपर्यंतच्या घटनेला शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, आणि त्यापुढे फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीसारख्या उत्तरकालीन साधनांनुसार जन्म शके १५४९ च्या वैशाखात, म्हणजे १६२७ मध्ये झाला. बखर म्हणजे घटनेनंतर बऱ्याच काळाने, बहुधा कोणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलेला गद्य वृत्तान्त. भाषेच्या दृष्टीने ती संपन्न असते, मात्र तिच्यातील तारखा जपून घ्याव्या लागतात.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात टिळकांच्या हाती जेधे शकावली आली. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातील ही कालक्रमवार नोंद १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाच्या वतीने प्रसिद्ध झाली. तीत जन्माची नोंद शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र, शिवनेरी अशी आहे. फाल्गुन महिना असल्याने येथे ७९ मिळवले की १६३० हे साल येते. जी तिथी धरून टिळकांनी उत्सव सुरू केला होता, तिला छेद देणारे साधन त्यांनी स्वतःच संशोधकांपुढे ठेवले, ही गोष्ट आदराने नोंदवली पाहिजे.

एका नोंदीवर निर्णय होत नाही. तिला स्वतंत्र दुजोरा लागतो, आणि तो दिला कवींद्र परमानंद यांनी. नेवाशाकडचे हे विद्वान कवी महाराजांच्या आश्रयास होते. १६६६ च्या आग्र्याच्या प्रसंगाशी निगडित राजस्थानी कागदांतही कवींद्राचा उल्लेख येतो. महाराजांच्या आज्ञेवरून त्यांनी ‘शिवभारत’ हे संस्कृत महाकाव्य लिहावयास घेतले. ते अपुरे राहिले : एकतीस अध्याय पूर्ण झाले, बत्तिसावा आरंभीच थांबला आणि कथा १६६१ च्या सुमाराच्या कोकणातील घटनांपुढे जात नाही. परमानंदांची समाधी पोलादपूर येथे आहे. या काव्याची हस्तलिखिते तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मिळाली आणि सदाशिव महादेव दिवेकर यांनी ते मराठी भाषांतरासह १९२७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातही जन्म शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेस, शिशिर ऋतूत, रात्री झाल्याचे दिले आहे. ज्याने चरित्रनायकाला प्रत्यक्ष पाहिले आणि ज्याच्या काव्याचे श्रवण नायकाच्या हयातीतच होणार होते, अशा लेखकाच्या लेखणीतून नायकाच्या जन्मतिथीत तीन वर्षांची चूक होणे फार कठीण. शिवाय जोधपूरकडील एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहात महाराजांची कुंडली सापडली, आणि तीतही संवत १६८६, फाल्गुन वद्य तृतीया असाच काळ आहे. मावळातील देशमुख, दरबारी कवी आणि राजस्थानातील ज्योतिषी यांनी एकमेकांचे पाहून लिहिण्याचा संभव नसताना तिघांच्या नोंदी जुळल्या, हेच या तिथीचे खरे बळ आहे.

या तिथीची एक पडताळणी वाचकाला घरबसल्या करता येते. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जुनी ज्युलियन कालगणना चालू होती आणि आजच्या ग्रेगोरियन कालगणनेच्या ती दहा दिवस मागे होती. इंग्लंडने नवी गणना स्वीकारली ती १७५२ मध्ये. मराठ्यांच्या इतिहासातील त्या काळच्या तारखा याच जुन्या गणनेने देण्याचा प्रघात पडला. त्यामुळे १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख आजच्या गणनेने १ मार्च १६३० ठरते, आणि ६ जून १६७४ ही १६ जून ठरते. ग्रेगोरियन कालगणनेत तारीख आणि वार यांची जोडी दर चारशे वर्षांनी तंतोतंत फिरून येते. २०३० सालच्या १ मार्चला शुक्रवार आहे, म्हणून १६३० च्या १ मार्चलाही शुक्रवारच होता. आणि जेधे शकावलीत वार दिला आहे तो शुक्रवारच.

इतका पुरावा असूनही निर्णय व्हायला दशके लागली, कारण तोपर्यंत वैशाखातील उत्सवाची सवय घराघरांत रुजली होती. महाराष्ट्र सरकारने १९६६ मध्ये या प्रश्नासाठी इतिहासतज्ज्ञांची समिती नेमली. तीत दत्तो वामन पोतदार, ग. ह. खरे, वा. सी. बेंद्रे, न. र. फाटक यांच्यासारखे अभ्यासक होते. एकमत न झाल्याने जुनी तिथी तशीच चालू राहिली आणि २००१ मध्ये सरकारने १९ फेब्रुवारी ही तारीख अधिकृत केली. तरीही अनेक संघटना आणि गावे फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी धरून जयंती करतात, तर काही ठिकाणी वैशाखातील परंपरा अजून टिकून आहे. तारीख आणि तिथी यांतील फरकात खरे-खोटे असे काही नाही. फाल्गुन वद्य तृतीया आणि १९ फेब्रुवारी ही एकाच दिवसाची दोन गणनांतली नावे आहेत, चांद्र पंचांगामुळे ती दरवर्षी वेगवेगळ्या दिवशी येतात, इतकेच.

गावोगावची जयंती

महाड-पोलादपूरच्या खेड्यांत शिवजयंतीचा सर्वांत परिचित प्रकार म्हणजे ‘ज्योत आणणे’. आदल्या दिवशी गावातील तरुण रायगड, प्रतापगड किंवा उमरठ येथे जातात. उमरठ हे पोलादपूर तालुक्यातील गाव. ४ फेब्रुवारी १६७० रोजी कोंढाणा घेताना कामी आलेल्या तानाजी मालुसरे यांची समाधी तेथे आहे. रायगडावर समाधीचे दर्शन घेऊन मशाल पेटवली जाते आणि दीड हजारांच्या आसपास पायऱ्या उतरून पाचाड, कोंझर, नाते या वाटेने धावत महाडकडे आणली जाते. मशालीचा चिंध्यांचा बोळा वेळोवेळी तेलात भिजवावा लागतो, त्यासाठी तेलाचा डबा घेतलेला गडी बरोबर असतो. ठरावीक अंतरावर धावणारा बदलतो, मागून टेम्पो येतो, पुढे भगवा झेंडा असतो आणि कित्येक जण अनवाणी धावतात. ज्योत विझू द्यायची नाही, एवढा एक नियम सर्वांनी पाळायचा असतो. पहाटे किंवा सकाळी ती गावात पोहोचली की वेशीवर सुवासिनी ओवाळतात, धावून आलेल्यांच्या पायांवर पाणी घालतात आणि मग ज्योत पुतळ्यापुढे किंवा तसबिरीपुढे ठेवली जाते.

त्यानंतर पाळणा होतो. फुलांनी सजवलेल्या पाळण्यात बालशिवाजीची मूर्ती ठेवून स्त्रिया जन्माचा पाळणा म्हणतात आणि सुंठवडा वाटतात. रामनवमी आणि गोकुळाष्टमीच्या जन्मोत्सवाचा हाच विधी येथे ऐतिहासिक पुरुषासाठी वापरला गेला आहे. सायंकाळी मिरवणूक निघते, तीत लेझीम, ढोल-ताशे आणि या भागाचा खास खालू बाजा असतो. शाळांत वेशभूषा, वक्तृत्व आणि पोवाड्यांच्या स्पर्धा होतात.

तिथीने होणाऱ्या जयंतीला या दोन तालुक्यांत एक सामाजिक आधारही आहे. येथील खेड्यांतील बरीच कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत नोकरीला असून त्यांना चाकरमानी म्हणतात. चाकरमानी गावी येतो तो गणपतीला आणि शिमग्याला. होळी फाल्गुन पौर्णिमेस पेटते, वद्य द्वितीयेस तुकाराम बीज असते आणि वद्य तृतीयेस शिवजन्म. म्हणजे तिथीप्रमाणे जयंती ऐन शिमग्याच्या दिवसांत, ग्रामदेवतेची पालखी घरोघरी फिरत असताना आणि बंद घरांची कुलपे उघडलेली असताना येते. अशा वेळी गावाचा उत्सव आणि राष्ट्रीय उत्सव वेगळे करता येत नाहीत.

राज्याभिषेक दिन आणि आजचा रायगड

जन्मदिवसापेक्षा राज्याभिषेक दिनाची गर्दी गडावर मोठी असते. तारखेप्रमाणे ६ जूनला आणि तिथीप्रमाणे ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला असे दोन सोहळे येथे होतात. राजसदरेवर अभिषेक झाल्यावर पालखी नगारखान्यातून बाहेर पडून बाजारपेठेतून जगदीश्वराकडे व समाधीकडे जाते. २०२१ पासून राज्यातील ग्रामपंचायतींनी ६ जून हा ‘शिवस्वराज्य दिन’ म्हणून पाळावा असे सरकारने ठरवले असून त्या दिवशी भगवा स्वराज्यध्वज उभारला जातो. २०२३ मध्ये ३५० व्या राज्याभिषेक वर्षाचा सोहळा तिथीप्रमाणे २ जून रोजी सरकारी इतमामाने रायगडावर झाला. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याला १ जानेवारी १९८१ पासून रायगडाचेच नाव मिळाले. १९९६ पासून रज्जुमार्ग चालू झाल्याने वृद्धांनाही गड पाहता येऊ लागला. आणि ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, त्यांत रायगड आणि शेजारचा प्रतापगड हे दोन्ही आहेत.

या मानमरातबाबरोबर जबाबदारीही वाढली आहे. ६ जून म्हणजे कोकणात पावसाच्या तोंडाचा दिवस. भिजलेली माती, चुन्याविना उघडे पडलेले सांधे आणि एका दिवसात चढून येणारी प्रचंड गर्दी यांचा ताण जुन्या बांधकामावर पडतो. भिंतींवर चढून घेतलेली छायाचित्रे, दगडांवर कोरलेली नावे आणि पाण्याच्या टाक्यांत फेकलेल्या बाटल्या हे सारे त्या ताणात भर घालते. जगदीश्वराच्या मंदिरापाशी एका पायरीवर हिरोजी इंदुलकर यांचे नाव कोरलेले आहे. राजधानी बांधणाऱ्या माणसाने आपल्या नावासाठी एवढीच जागा, भक्तांच्या पायांखालची, घेतली. त्याच गडावर आपले नाव कोरणाऱ्याने ती पायरी आधी पाहावी.

शिवजयंतीचा इतिहास पाहता दोन गोष्टी निर्विवाद ठरतात. हा उत्सव उपेक्षित समाधीच्या जतनासाठी सुरू झाला, आणि त्याची तिथी घोषणांच्या जोरावर न ठरता कागदपत्रांच्या पडताळणीने ठरली. म्हणून जतन आणि अभ्यास ही त्याची मूळ अंगे आहेत. मिरवणूक, ज्योत आणि पाळणा यांना अर्थ येतो तो या दोहोंच्या आधाराने. रायगडाला जाणाऱ्या प्रत्येकाने गड जसा आढळला त्याहून स्वच्छ ठेवून उतरावे, परतीच्या वाटेवर पोलादपुरी कवींद्र परमानंदांच्या समाधीपाशी थांबावे, आणि घरी आल्यावर त्यांच्या ‘शिवभारता’चे निदान मराठी भाषांतर वाचावे. ज्या राजाची जयंती करायची, त्याच्याविषयी त्याच्या हयातीत काय लिहिले गेले हे ठाऊक असणे, हा त्या जयंतीचाच भाग आहे.